कॅमेऱ्याने मासा वाचतो का?

प्रश्न : आमच्या बंदरावर मध्यंतरी एक कार्यक्रम झाला. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क सोडून दिला तर सरकार भरपाई देतं, अशी माहिती दिली. पाहुणे पुढे असंही म्हणाले, की हे सगळं गुजरातेत एका माहितीपटामुळे सुरू झालं. माझे आजोबा, वडील दोघेही दर्यावर गेले. फिल्म बघून कुणी मासा मारायचं सोडलं, असं काही ऐकिवात नाही. हे कितपत खरं?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : पाहुणे बरोबर बोलले, पण अर्धंच बोलले. उरलेली अर्धी हकिकत तुमच्यासारख्यांच्या घरातली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो माहितीपट म्हणजे माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’. साल २०००. लांबी अर्ध्या तासाच्या आतच. ब्रिटनमधल्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात त्याला पांडा पुरस्कार मिळाला, ज्याला आपल्याकडची वर्तमानपत्रं ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात. विषय होता सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, मुख्यतः वेरावळच्या आसपास चालणारी व्हेल शार्कची शिकार.

हा जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटरपर्यंत सहज वाढतो, त्याहून मोठेही सापडले आहेत. जबडा प्रचंड, पण खाणं प्लवंग, माशांची अंडी, बारीक मासळी. पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडं ठेवून संथपणे पोहत राहतो. होडी अगदी अंगाला लावली तरी बुजत नाही, उलटून हल्ला करत नाही. त्यामुळे त्याला मारायला बंदूकही लागत नसे. एक जण लोखंडी गळ घेऊन त्याच्यावर झेप घ्यायचा आणि गळ अंगात रुतवायचा. गळाला नायलॉनचा दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला रिकामी पिंपं. मासा खाली बुडी मारायला जाई, पिंपं त्याला पुन्हा वर ओढत. दमून दमून तो थांबला, की होडीमागे बांधून बंदरावर आणायचा. या पिंपांवरून तिकडे माशाचं नावच ‘बॅरल’ पडलं होतं.

पूर्वी ही शिकार यकृताच्या तेलासाठी चाले. लाकडी होडीत पाणी झिरपू नये म्हणून ते तेल फळ्यांना चोळत. बाकीच्या देहाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. नव्वदच्या दशकात तैवानहून मांसाला मागणी आली आणि हिशेबच बदलला. एका हंगामात शेकडो मासे मारले जाऊ लागले. किनाऱ्यापासून चार कोस आत राहणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

फिल्मने पहिलं काम हे केलं, की जे वेरावळला रोज दिसत होतं ते दिल्लीत दिसू लागलं. त्या वेळची सरकारी व्यवस्था ध्यानात घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वाघ होता, हत्ती होता, मोर होता. पण २००१ पर्यंत त्याच्या अनुसूचींत एकही मासा नव्हता. मासा म्हटलं की तो मत्स्यखात्याचा, आणि मत्स्यखातं मासा टनावर मोजतं. बारा मीटरचा असो की बोटभर, तो आकड्यात मिसळून जातो. पांडे यांच्या कॅमेऱ्याने तो आकड्यातून बाहेर काढला. गळ रुतलेला, दोराने ओढला जाणारा, वाळूत उभा चिरला जाणारा एकेक मासा पडद्यावर आला. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्क पहिल्या अनुसूचीत दाखल झाला, म्हणजे कायद्याच्या लेखी थेट वाघाच्या पंगतीला बसला. पुढच्या वर्षी भारत आणि फिलिपिन्सच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. एवढ्या छोट्या फिल्मने एवढ्या थोड्या काळात कायदा हलवला, असं दुसरं उदाहरण भारतात मला आठवत नाही.

आता राहिलेली अर्धी गोष्ट. दिल्लीत अधिसूचना निघाली म्हणून वेरावळच्या तांडेलाला ती कळली, असं होत नाही. कळली तरी पटली असंही नाही. ज्या माशावर काल घर चालत होतं, तो आज मारला तर तुरुंग, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं असतं तर शिकार बंद न होता फक्त रात्री सुरू राहिली असती. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून किनाऱ्यावर मोहीम काढली. अस्सल आकाराचा हवा भरलेला व्हेल शार्क गावोगाव फिरवला, पथनाट्यं केली. पण खरी मात्रा लागू पडली ती रामकथाकार मोरारीबापूंची. व्हेल शार्क म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असं त्यांनी कथेतून सांगितलं. माहेरी आलेल्या लेकीवर कोण हत्यार उचलणार? जिथे कलम आणि दंड यांची मात्रा चालली नसती, तिथे ही एवढी गोष्ट चालली.

(शास्त्रीय शंका काढणाऱ्यांसाठी : समुद्रात व्हेल शार्कचं बाळंतपण कुणी प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद नाही. १९९५ मध्ये तैवानला पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या आसपास पिल्लं निघाली, त्यावरून हा मासा अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो हे कळलं. गुजरातचा किनारा हे त्याचं माहेर आहे की नुसता खानावळीचा मुक्काम, यावर वाद घालता येईल. बापूंनी तो घातला नाही, ते बरंच झालं.)

यापुढचा प्रश्न तुमच्या आजोबांनीही विचारला असता : जाळं कुणाचं कापायचं? मुद्दाम केलेली शिकार थांबली तरी मासा चुकून जाळ्यात येतोच. गुंडाळत गुंडाळत तो अडकला, की जाळं कापल्याशिवाय सुटत नाही. म्हणून फाटलेल्या जाळ्याची भरपाई ठरली. पण भरपाईसाठी पंचनामा हवा, पंचनाम्याला अधिकारी हवा, आणि अधिकारी बोटीने तिथे पोचेपर्यंत मासा तासन् तास जाळ्यात. मग एक साधी युक्ती निघाली. मच्छीमारांच्या हाती पाण्यात चालणारे स्वस्त कॅमेरे दिले. मासा अडकला, की फोटो काढा, जाळं कापा, मासा गेला की पुन्हा फोटो काढा आणि तो दाखवून पैसे घ्या. तेव्हापासून सुटका तासांवरून मिनिटांवर आली. आजवर गुजरातच्या किनाऱ्यावर अशा सोडलेल्या माशांची संख्या नऊशेच्या वर गेली आहे. पांडे यांच्या कॅमेऱ्याने कायदा आणला, मासा सोडवला तो खलाशाच्या हातातल्या कॅमेऱ्याने. पुरस्कार मात्र पहिल्यालाच मिळतो.

महाराष्ट्रातली योजना डिसेंबर २०१८ पासूनची. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यखातं मिळून ती चालवतात. व्हेल शार्क, डॉल्फिन, समुद्री कासव यांसारखा संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. सोडतानाचं चित्रण किंवा फोटो लागतो. पंचवीस हजारांत अख्खं जाळं येत नाही आणि त्या दिवसाचा बुडालेला धंदा त्यात धरलेला नाही, हे हर्णैच्या माणसाला मी सांगायला नको. तरीही कागद नीट भरून पैसे घ्या. मागणारे वाढले तरच रक्कम वाढेल.

प्रश्न : ‘द कोव्ह’ या डॉल्फिनवरच्या फिल्मला तर खरंखुरं ऑस्कर मिळालं. तरी जपानमधली शिकार अजून चालूच आहे, असं वाचलं. गुजरातेत जमलं ते तिथे का जमलं नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालू आहे हे खरं. ताइजी हे जपानच्या वाकायामा प्रांतातलं छोटं किनारी गाव. दर सप्टेंबरात तिथल्या बोटी समुद्रात रांग धरतात, पाण्यात लोखंडी नळ्या सोडून त्यांवर ठोकतात, आणि त्या आवाजाच्या भिंतीपुढे बिचकलेले डॉल्फिन एका अरुंद खाडीत हाकलले जातात. लुई सिहोयोस यांनी खोट्या दगडांत कॅमेरे लपवून हे टिपलं. फिल्म २००९ ची, ऑस्कर २०१० चं. पाहताना ती चोरीच्या थरारपटासारखी पकड घेते, आणि माझ्या मते तिथेच तिचं घोडं अडलं. परदेशी माणसं रात्री गुपचूप गावात शिरतात, गाव त्यांच्या मागे लागतं; म्हणजे फिल्मच्या रचनेतच गावाला खलनायकाची जागा मिळाली. ज्याच्या हातात भाला आहे त्याला असं बाहेरून ओरडून सांगितलं, की तो मूठ आणखी आवळतो. गावातलाच एखादा मोरारीबापू उभा राहण्याची शक्यता तिथे फिल्मनेच संपवली.

दुसरं कारण पैशाचं. ताइजीत मांसापेक्षा जिवंत डॉल्फिन मत्स्यालयांना विकण्यात कितीतरी जास्त कमाई आहे. २०१५ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेच्या दबावाखाली जपानमधल्या त्यांच्या संघटनेने तिथले डॉल्फिन घेणार नाही असं जाहीर केलं. गिऱ्हाइकाचं तोंड बंद करण्याचा हा मार्ग बरोबर होता, आणि त्यामागे फिल्मने उठवलेल्या ओरडीचा हात होता. पण बाहेरची गिऱ्हाइकं उरलीच.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे आणि ते लोकांना कमी माहीत आहे, म्हणून सांगतो. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाचा जलाशय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमूर ससाणे तिथे उतरतात. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन इथून निघालेले हे जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचे पक्षी दोयांगला पोटभर वाळवी खाऊन घेतात आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून दक्षिण आफ्रिकेकडे जातात. २०१२ च्या हंगामात रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हारालू आणि रोकोहेबी कुओत्सू तिथे पोचले तेव्हा पांगती गावाच्या परिसरात झाडांच्या रांगेत मासे धरायची जाळी उंच ताणलेली होती. संध्याकाळी रातथाऱ्याला येणारे ससाणे त्यांत अडकत. पक्षी जिवंत राहावेत, म्हणजे ताजे विकता येतील, म्हणून ते मच्छरदाणीत कोंबून ठेवलेले. मच्छरदाणीची कापडी भिंत आतून शेकडो पंखांनी हलत होती. बाजूला पिसं उपटून काठीला ओवलेल्या पक्ष्यांच्या माळा. त्यांचा अंदाज असा, की ऐन भरात दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी मारले जात होते, हंगामात लाखाच्या वर.

त्यांनी काढलेली फिल्म काही मिनिटांची, महोत्सवी सफाई नसलेली. ती बाहेर पडली आणि देशभर काहूर उठलं. इथवर ताइजीसारखंच. फरक पुढे पडला. चौघांपैकी दोघं नागा होते. आणि गावाने हे का सुरू केलं, हे त्यांनी विचारलं. धरणाने शेतं पाण्याखाली गेली, शेतकरी मासे धरू लागला, जाळी हाताशी आली, आणि जलाशयाच्या काठी ससाण्यांचे थवे उतरू लागल्यावर तीच जाळी झाडांवर चढली. गावाच्या परिषदेशी, चर्चशी, शाळांशी वर्षभर बोलणी झाली. २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवून सोडले. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाचं नाव घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडतो आहे, हे पांगतीच्या लोकांनी नकाशावर रोज पाहिलं. पुढे सेसिनो योशू यांनी ‘द पांगती स्टोरी’ केली, त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. योशू नागा आहेत, आणि त्यांच्या फिल्ममध्ये जाळी लावणारे लोक स्वतः बोलतात. या फिल्मांतली एकच पाहायची असेल तर ही पाहा.

प्रश्न : ‘पोचर’ ही मालिका माहितीपट म्हणायची का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. रिची मेहता यांनी ती २०२४ मध्ये केली. केरळात २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या हस्तिदंताच्या प्रकरणावर ती बेतलेली आहे, पण पात्रं नटांनी केली आहेत आणि प्रसंग रचलेले आहेत. तरीही एका बाबतीत ती बऱ्याच माहितीपटांच्या पुढे जाते. गोळी झाडणारा माणूस या साखळीतला सगळ्यात गरीब आणि सगळ्यात सहज सापडणारा दुवा असतो. दंत विकत घेणारा शहरात बसतो, त्याच्या बैठकीत ते कोरीव काम होऊन कपाटात ठेवलेले असतात. मालिका त्याच्या दारापर्यंत पोचते. माहितीपटवाल्यांना ते अवघड जातं, कारण तो माणूस वकील बाळगून असतो.

प्रश्न : काझीरंगावरच्या फिल्ममुळे बीबीसीवर बंदी घातली होती. संवर्धनाच्या कामात लपवण्यासारखं काय असतं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बंदी फिल्मवर नव्हती, चित्रणावर होती. २०१७ मध्ये जस्टिन रोलाट यांचा ‘किलिंग फॉर कॉन्झर्व्हेशन’ प्रसारित झाला. काझीरंगात शिकारी समजून गोळ्या घातल्या गेलेल्या माणसांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांत निरपराध गावकरीही सापडले, असा त्याचा रोख होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं म्हणणं पडलं, की परवानगी एका विषयाची घेतली आणि दाखवलं दुसरंच. म्हणून बीबीसीला पाच वर्षं व्याघ्र प्रकल्पांत चित्रणाला मनाई केली.

वनरक्षकाची बाजू हलकी नाही. गेंड्याच्या शिंगासाठी येणाऱ्या टोळ्यांकडे स्वयंचलित बंदुका असतात. गवत हत्ती झाकून टाकील एवढं उंच, पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचा पूर चौकीच्या पायऱ्यांशी. त्या अंधारात समोर कोण आहे हे विचारायला सवड मिळत नाही. आणि शिकार आटोक्यात आणता येते हेही आसामने दाखवलं : २०२२ मध्ये त्या राज्यात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही, असं आधीच्या कित्येक दशकांत घडलं नव्हतं. पण गवतात मेलेला माणूस शिकारी होता की गुरं शोधायला आलेला शेजारी, हे ठरवायला गोळी झाडणाऱ्याखेरीज दुसरं कुणीतरी हवंच. तेवढं म्हणण्याचा हक्क फिल्मवाल्याला असला पाहिजे.

खरी गोम वेगळीच आहे. आपल्या कायद्याप्रमाणे अभयारण्यात चित्रण करायचं तर वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे ज्याच्या कारभारावर फिल्म काढायची, त्याच्याच सहीवर कॅमेरा आत जातो. वाघीण आणि तिचे बछडे, तळं, धुकं, पुन्हा वाघीण अशा फिल्मांचा पूर का येतो, याचं निम्मं उत्तर या सहीत आहे. ताडोबात वाढलेल्या प्रत्येक वाघिणीची वंशावळ आपल्याला पाठ असते. तिला फासात अडकवणाऱ्या टोळीचा खटला कुठल्या कोर्टात कितवं वर्ष चालू आहे, यावर मात्र कुणी कॅमेरा लावत नाही.

प्रश्न : आमच्या भागात खवले मांजर पकडून विकणारे लोक आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. गुपचूप चित्रण करून ते पसरवलं तर त्यांना चाप बसेल का? माझ्याकडे चांगला फोन आहे.
— एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : पसरवू नका. तुमची तळमळ समजते, पण खवले मांजराच्या बाबतीत प्रसिद्धी हीच मोठी आफत आहे. त्याची खवलं आपल्या नखांच्याच द्रव्याची, औषधी गुण शून्य. तरी ‘कोटीला जातं’ अशी अफवा व्हॉट्सॅपवर फिरते आणि कालपर्यंत ज्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही तो टॉर्च घेऊन बिळं शोधायला निघतो. पकडलेल्या जनावराचा प्रत्येक व्हिडिओ या अफवेची फुकट जाहिरात करतो. त्यात फोनच्या चित्रात ठिकाणाची नोंद अनेकदा आपोआप जाते, म्हणजे जिथे अजून एखादं शिल्लक असेल तिथला पत्ताही तुम्ही देऊन मोकळे होता.

चित्रण हातात आलंच असेल, तर ते कापू नका, त्यावर गाणं टाकू नका, आणि ज्या फोनवर काढलं तो फोन जपा. कोर्टात मूळ यंत्र आणि त्याचा दाखला विचारतात, सतरा जणांकडून फिरून आलेली प्रत पुराव्याला टिकत नाही. खोटं गिऱ्हाईक बनून सौदा करायला जाऊ नका. सापळा लावणं हे वनखात्याचं आणि पोलिसांचं काम आहे. तुम्ही एकटे गेलात तर मार खाल, किंवा सौदेबाज म्हणून तुम्हीच आरोपी ठराल.

खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा शाबित झाला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. महाराष्ट्र वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा निःशुल्क क्रमांक १९२६ आहे. कोण, कुठे, कोणत्या वेळी, एवढं नेमकं सांगा, आणि गावात कुणाला सांगण्याआधी तिथे फोन करा.